खालचा आवाज

दार करकरलं आणि ती दारातच थांबली. मागून येणारा नवरा तिच्या पाठीवर आदळता आदळता राहिला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं तेव्हापासून ती या रेस्टॉरंटमध्ये येत होती. दाराचा पितळी दांडा हाताला गार लागतो, खालची पट्टी एका बाजूला उचकटलीय तिथे चप्पल अडते, आत गेलं की आधी लोण्याचा वास येतो आणि मग खळ घातलेल्या टेबलक्लॉथचा, हे सगळं तिला पाठ होतं. दाराला आवाज आहे हे मात्र तिला ठाऊक नव्हतं. आणि दारापलीकडे तर बाजार भरला होता. काटे, चमचे, बशा, फरशीवर ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या, कुणाचा तरी ठसका, स्वयंपाकघराच्या झुलत्या दारातून उडत येणारी वाक्यं, ‘सूप दोन, मासा एक, अरे मासा कुठाय?’ कारखान्यातल्या बायकांना ती इतकी वर्षं सांगत आली होती, एकदा जाऊन तर बघा, काय शांत जागा आहे, टाचणी पडली तरी ऐकू येईल. टाचणी! इथे कपाट पडलं असतं तरी कुणी मान वर केली नसती. त्यातली एक जण नवऱ्याला घेऊन खरंच आली होती आणि दुसऱ्या दिवशी डबा खाताना तिच्याकडे जरा विचित्र नजरेनं बघत, ‘हो, छान आहे,’ एवढंच म्हणाली होती. ते बघणं आत्ता, इतक्या उशिरा, तिला उमगलं आणि दारातच तिला हसू फुटलं.

“काय — झालं?” नवऱ्यानं तिच्यासमोर येऊन विचारलं. मोठ्यानं, शब्द सुटे करून, ओठ नीट हलवत. गेली कित्येक वर्षं तो तिच्याशी असाच बोलत होता, लहान मुलाला पाटीवर अक्षरं काढून दाखवावीत तसा. दुपारपर्यंत हा आवाज तिला पुरेसा होता. आत्ता तो असा काही आदळला की शेजारच्या टेबलावरच्या माणसासारखीच तीही दचकली. पण चेहऱ्यावर काही दिसू न देता तिनं नुसती मान हलवली. काही नाही, चला.

कानामागे केसांखाली लपलेली ती बोटाच्या पेराएवढी दोन श्रवणयंत्रं दुपारीच बसली होती. मुलगी खास त्यासाठी दोन दिवस येऊन राहिली, तिला दवाखान्यात घेऊन गेली आणि संध्याकाळच्या गाडीनं परत जाण्याआधी इथलं टेबल राखून ठेवून गेली. “बाबांना सांगायचं नाही हं,” स्टेशनवर मुलगी म्हणाली होती, “बघू या त्यांना किती वेळात कळतं ते. मज्जा.” मुलीचा आवाज किंचित घोगरा आहे, हे तिला त्या क्षणी कळलं, तिच्या आठवणीतला आवाज शाळेत जाणाऱ्या मुलीचा होता. कान काही एका दिवसात गेले नव्हते. खोक्यांच्या कारखान्यात पुठ्ठा कापायच्या यंत्रावर ती उभं आयुष्य उभी होती. चपलांची खोकी, औषधांची खोकी, बाहुल्यांची खोकी. साचा खाली यायचा, धाड, पुठ्ठ्यावर घड्यांच्या रेषा उमटायच्या, साचा वर जायचा. त्या धाडधाडीनं रोज चिमूटभर ऐकणं नेलं, पिठाच्या डब्यातून उंदरानं न्यावं तसं, आणि डबा तळाला लागला तेव्हाच तिला कळलं. कानाच्या दवाखान्यातल्या बाईंनी तिला बजावलं होतं, “सुरुवातीला सगळंच मोठं वाटेल. कशाकडे लक्ष द्यायचं आणि काय सोडून द्यायचं, हे तुमचं डोकं विसरलंय. समोर बसलेल्या माणसाचा आवाज आधी येईल असं मी लावून दिलंय. बाकीच्याला वेळ द्या.” समोर बसलेल्या माणसाचा. बाईंना काय माहीत की समोर बसलेला माणूस बोलणं सोडून कधीचा गप्प झालाय. चहा झाला का, दिवा घालव, उद्या सुट्टी आहे. त्यांच्या घरातलं बोलणं आटत आटत एवढ्यावर आलं होतं. बाकी संध्याकाळभर तो पेपरात डोकं घालून बसायचा किंवा पाठ करून भांडी विसळायचा, आणि ती त्या पाठीकडे बघत विचार करायची, कंटाळला. माझ्याशी ओरडून बोलायचा कुणालाही कंटाळाच येईल.

म्हणूनच तिनं ठरवलं होतं. पुढच्या महिन्यात मुलीकडे जायचं, तिथेच राहायचं, परत कधी ते आत्ता बोलायचं नाही. नातीला सांभाळायला माणूस हवंच होतं. मुलगी ‘ये’ म्हणाली होती, पण लगेच ‘बाबांचं काय?’ असंही म्हणाली होती, आणि त्या प्रश्नापाशी दोघी थांबल्या होत्या. त्याला हे आज, इथे, जेवताना सांगायचं होतं. आवडत्या जागी सांगितलं तर कडू कमी लागेल, असा काहीसा हिशोब होता.

वेटर आला. इथे बरीच वर्षं असलेला, दारातून वाकून येणारा उंच माणूस. एवढ्या उंचीच्या माणसाचा आवाज विहिरीतून आल्यासारखा असेल असं तिनं धरूनच ठेवलं होतं. तो निघाला बारीक, चिरका, शिट्टीसारखा. “या वहिनी, या! किती दिवसांनी! खिडकीजवळचं आज मोकळं आहे बघा.” खिडकी. या बाबतीत तिचा नवऱ्यावर जुना राग होता. खिडकीबाहेर रस्ता उतरत जातो, खाली दुकानांचे दिवे दिसतात, पण तो तिला तिथे कधी बसू द्यायचा नाही. पूर्वी बसायचे, मग एकदा त्यानं टेबल बदललं ते बदललंच. आत, भिंतीकडेला, त्या मोठ्या दिव्याखाली, जिथे माणूस आंब्याच्या पेटीतल्या आंब्यासारखा पिवळा दिसतो. हट्टी माणूस, असं म्हणून तिनं तो विषय सोडला होता. आत्ताही तो तिच्याकडे पाठ करून वेटरच्या दंडाला हात लावून बोलू लागला, आणि तिनं तो आवाज ऐकला. पाटीवर अक्षरं काढणारा नव्हे. दुसराच. खालचा, घाईघाईचा, थोडा थट्टेखोर. “खिडकी नको रे बाबा. तिथे उजेड माझ्या मागून येतो, तिला माझं तोंड दिसत नाही. नेहमीचं दे, दिव्याखालचं. माझं थोबाड बघण्यासारखं नाही हे मान्य, पण तिला त्याच्यावर वाचावं लागतं.” वेटर हसला. ती पर्समध्ये काहीतरी शोधू लागली. पर्समध्ये शोधण्यासारखं काही नव्हतं, पण तिथे मान खाली घालून उभं राहता येत होतं.

मग ते दिव्याखाली बसले. पाव आला. तिनं एक तुकडा मोडला आणि पाव इतक्या मोठ्यानं वाजला की तिनं चोरट्यासारखं इकडेतिकडे पाहिलं. कुरकुरीत म्हणजे काय, हे दात विसरले नव्हते, पण कान विसरले होते. तिनं आणखी एक तुकडा मोडला, उगाच. पाण्याच्या भांड्यात बर्फ तडकला. सुपात चमचा घातला तर चमच्याचा बुडण्याचासुद्धा आवाज होता, अगदी लहान, मुलानं ओठ मिटावेत एवढा. सूप तेच होतं, जाडसर, वर मिरपूड शिंपडलेलं, पण आज ते जिभेला आणि कानाला एकदमच लागत होतं, आणि तिला वाटलं, आपण इतकी वर्षं इथलं अर्धंच जेवण जेवत होतो. आणि मग समोरून, सुपाच्या वाफेमागून, तो खालचा आवाज पुन्हा सुरू झाला. त्याची मान वाडग्यावर वाकलेली होती. ओठ दिसत नव्हते. पाहणाऱ्याला वाटलं असतं, एक वयस्क माणूस मन लावून सूप पितोय.

“मीठ कमी,” आवाज म्हणाला. “पण सांगायची सोय नाही. सांगितलं की म्हणशील, तुमच्याच जिभेला चव नाही. असेल. या वयात काय काय म्हणून शाबूत राहणार.” मग एक घोट. “तो कोपऱ्यातला बघ. वरची कवळी सैल आहे त्याची. प्रत्येक घासाला जिभेनं वर ढकलतोय. कुणी केली कोण जाणे, माझ्या हातची नाही. मी केली असती तर बिचाऱ्यानं काटा-चमचासुद्धा चावून खाल्ला असता.”

तिनं चमचा तोंडात तसाच धरून ठेवला. हसणं घशाशी आलं होतं, ते सुपासकट गिळलं. नवऱ्याचा धंदा कवळ्या करण्याचा. दातांचे डॉक्टर साचे पाठवत आणि तो घरातल्या मागच्या खोलीत मेण आणि प्लास्टर घेऊन बसे. अर्धं गाव माझ्या दातांनी हसतं, असं तो लग्नाच्या वेळी म्हणाला होता, आणि त्या वाक्यावरच तिनं होकार दिला होता. असं बोलणारा माणूस गेला कुठे, याचा शोध तिनं मनातल्या मनात किती घेतला होता. तो कुठेच गेला नव्हता. तो तिच्या समोरच बसून, मान खाली घालून, बोलत होता. भांडी विसळताना त्या पाठीपलीकडे हेच चाललेलं असणार. पेपराच्या आडून हेच. तिच्याशीच, तिला ऐकू जाणार नाही अशा आवाजात. कारण ओरडून सांगायच्या गोष्टी वेगळ्या असतात. सैल कवळीची गंमत शब्द सुटे करून, गळा ताणून, शेजारचे दचकतील अशा आवाजात सांगता येत नाही. सांगितली तर ती गंमत राहत नाही, सूचना होते. हे तिला कधी सुचलंच नव्हतं. तिला नुसतं वाटत आलं होतं की बोलायचं संपलं.

मासा आला, बटाटे आले. ती जेवत होती आणि ऐकत होती, आणि तिच्या अंगभर एक ऊब चढत चालली होती, लहानपणी गोधडीखाली लपून मोठ्यांच्या गप्पा ऐकताना चढायची तशी. शब्द सगळेच येत नव्हते. मध्येच एखादी खुर्ची ओढली जाई आणि वाक्याचं शेपूट तुटे. पण जे येत होतं ते काही कमी नव्हतं. वेटरला तो ‘जिराफ’ म्हणत होता. ‘जिराफाचं लग्न ठरलं म्हणे, या वयात, शाबास रे पठ्ठ्या.’ मालकीणबाईंनी केस काळे केले होते, ‘कावळ्यालासुद्धा न्यूनगंड येईल.’ मग तिच्या जावेचा विषय निघाला, आणि तिचे कान, आता खरोखरच, टवकारले गेले. इथलं येणं बंद झालं ते त्या संध्याकाळपासून. दीर आणि जाऊ सोबत होते. जाऊ काहीतरी लांबलचक सांगत होती, डोळे चमकत होते, हात हलत होते, तिला शब्द सापडत नव्हते म्हणून तिनं चेहऱ्यावरून अंदाज बांधला आणि तोंडभर हसून म्हणाली, “अगंबाई, छानच झालं की!” जाऊ आपल्या आईचा पाय मोडल्याचं सांगत होती. टेबलावर जी शांतता पसरली ती मात्र तिला स्पष्ट ऐकू आली. त्यानंतर तिनं कानाला खडा लावला. तिथलं जेवण आता पूर्वीसारखं राहिलं नाही, असं घरी सांगितलं, आणि नवऱ्यानं ते मान्य केलं, वाद न घालता. तिला तेव्हा तेही लागलं होतं.

“...पाय मोडला तिच्या आईचा आणि तू म्हणालीस छान झालं,” नवरा माशाचा काटा काढत, माशालाच सांगत होता. “माझ्या आयुष्यातली सगळ्यात भारी संध्याकाळ. म्हातारीनं आपल्या लग्नात केवढा तमाशा केला होता. मला इतकं हसू आलं होतं, टेबलाखाली मांडीला चिमटा काढून बसलो होतो. आणि तू ते मनाला लावून घेतलंस. कसं सांगणार तुला? ओरडून सांगू, की तुझ्या त्या वाक्यावर मी अजून रात्री एकटाच हसतो?”

तिच्या हातातला काटा बशीवर पडला. तो खणकन वाजला. नवऱ्यानं वर पाहिलं. “भाजलं?” त्यानं मोठ्या आवाजात विचारलं. तिनं मानेनंच नाही म्हटलं. डोळे भरून आले होते, पण ते हसून भरले होते की कसे, तिलाच सांगता आलं नसतं. दिवा डोक्यावर होता. या दिव्याखाली काही लपत नाही. तिनं नॅपकिननं तोंड पुसलं आणि एक बटाटा तोंडात कोंबला.

तो पुन्हा बशीवर वाकला. या वेळी बराच वेळ काही आलं नाही, नुसता त्याचा श्वास, आणि तिला वाटलं, यंत्र बंद पडलं की काय. मग आलं, पूर्वीपेक्षाही खालून. “सुटकेस काढलीस माळ्यावरून.” त्यानं माशाचा एक काटा बशीच्या कडेला ठेवला. “पोरीला विचारलं तर ती म्हणाली, मला काही माहीत नाही. म्हणजे माहीत आहे. जा. तिथे पोरं आहेत, घर भरलेलं आहे. माझ्याकडे काय, भिंती आणि कवळ्या. दिवसभर दात समोर आणि त्यातला एक बोलेल तर शपथ.” त्यानं बटाट्याचे उगाच चार तुकडे केले. “पण सरळ सांग ना. की मीच विचारू? विचारलं तर म्हणशील, काही नाही, सुटकेस साफ करत होते.”

“साफच करत होते,” ती म्हणाली.

बोलून गेली. वाक्य तोंडातून निघालं, टेबलावरून पलीकडे गेलं, आणि मगच तिला कळलं की काय झालं. त्याची सुरी थांबली. त्यानं मान वर केली ती इतक्या सावकाश, की जणू वर कुणीतरी परकं माणूस बसलेलं सापडेल. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला. मग तिनं केस मागे सारले आणि मान जरा वळवून कान दाखवला, मुली नवं कानातलं दाखवतात तसा.

“कधीपासून?” त्यानं विचारलं. त्याला आवाज कुठला लावायचा तेच कळेना. शब्द मोठ्यानं सुरू झाला आणि मध्येच लहान झाला.

“दुपारपासून.”

“म्हणजे... जिराफ?”

“ऐकला.”

“मालकीणबाई?”

“त्या पण.”

तो लाल झाला. कपाळापासून मानेपर्यंत, लाजलेल्या पोरासारखा. मग तो हसला आणि तीही हसली, आणि तिला वाटलं, झालं, आता सगळं सोपं. पण तसं झालं नाही. तो गप्प झाला. मान खाली घालून नव्हे. समोर बघत, हात मांडीवर ठेवून, मुलाखतीला आल्यासारखा. “सूप चांगलं होतं,” तो म्हणाला. “हो,” ती म्हणाली. “गर्दी आहे आज.” “हो ना.” वेटर बशा उचलून गेला. आपण काय करून बसलो? हा माणूस एवढी वर्षं मोकळेपणानं बोलत होता तो ऐकणारं कुणी नव्हतं म्हणून. आता ऐकणारी बाई समोर बसली आणि त्याच्या तोंडाला कुलूप. भाड्याच्या खोलीत गाणारा माणूस भिंतीला कान आहेत म्हटल्यावर गप्प व्हावा तसं. तिनं क्षणभर हात कानाकडे नेलासुद्धा, यंत्रं काढून पर्समध्ये टाकावीत, म्हणावं, घ्या, बोला. पण मग तो परत वाडग्याशी बोलणार आणि ती परत पाठीकडे बघणार.

तिनं हात खाली घेतला आणि टेबलावर पुढे वाकली. तिला एक गोष्ट करून बघायची होती जी तिनं कित्येक वर्षांत केली नव्हती. आपला आवाज किती मोठा जातो हे कळेनासं झाल्यापासून ती मनातलं मनातच ठेवत आली होती. कुजबुजायला गेलं की चार टेबलं वळून बघत. आता तिला स्वतःचं ऐकू येत होतं. तिनं ओठ उघडले आणि फक्त श्वासानं, अगदी थोड्या आवाजानं म्हटलं, “मी जाणार होते.”

कुणी वळलं नाही. समोरचा मात्र नकळत पुढे झुकला. “काय?”

“जाणार होते,” ती पुन्हा कुजबुजली, आणि ते कुजबुजणं तिलाच इतकं आवडलं, जिभेवरच्या साखरेसारखं, की वाक्यातलं दुःख जरा मागेच पडलं. “पोरीकडे. मला वाटलं, तुम्ही कंटाळलात.”

“मी? आणि मला वाटलं, तू.” तोही आता कुजबुजत होता. तिच्याकडे बघून, त्या खालच्या आवाजात. तिनं तो आवाज आणि ते ओठ कित्येक वर्षांनी पहिल्यांदा एकत्र पाहिले.

“आणि तुमच्या माहितीसाठी,” ती म्हणाली, “मालकीणबाईंचे केस मला पण तसेच वाटले. पण कावळा नाही. आमच्याकडे बुटांच्या खोक्यांना आतून लावतात ना, तो चकचकीत काळा कागद. तोच. फक्त चिकटवताना जरा सुरकुतलाय.”

त्याच्या तोंडात पाणी होतं. ते त्यानं कसंबसं गिळलं, खोकला, डोळे पुसले, पुन्हा मालकीणबाईंकडे चोरून पाहिलं आणि पुन्हा खोकला. तिला वाटलं, अजून कितीतरी आहे. कितीतरी वर्षांचं आहे. शेजारच्या टेबलावरच्या पोरांचे सगळे चेहरे एकाच साच्यातून कापल्यासारखे आहेत, हे सांगायचंय. त्यांच्या जिन्यातला बुटका शेजारी तिला औषधाच्या बाटलीसारखा वाटतो, हे सांगायचंय. कारखान्यातल्या कोणत्या बाईचं कोणावर मन होतं ते, तिची स्वतःची भीती, नातीचं रडणं तिला ऐकू न आल्याची ती दुपार. सगळं एकाच दिवशी नाही सांगता येणार. “तुम्ही सांगा आधी,” ती म्हणाली. “भांडी विसळताना काय बोलता रोज?”

“ते सगळं आठवतंय थोडंच.”

“जेवढं आठवतंय तेवढं.”

तो सांगू लागला. मध्येच अडखळला, लाजला, पुन्हा सांगू लागला. आजूबाजूला चमचे वाजत होते, कुणीतरी मासा मागत होतं, लहान मूल रडत होतं आणि त्याची आई त्याला दटावत होती. त्या सगळ्या गोंगाटाच्या मधोमध दोन डोकी टेबलावर इतकी जवळ आली होती की दिव्याचा उजेड त्यांच्या मध्ये जाईना. वेटर त्यांच्याशेजारी येऊन जरा वेळ उभा राहिला, मग खाकरला.

“वहिनी, आणखी काही आणू? गोड काही?”

तिनं मान वर न करता हातानं त्याला थांबवलं.

“जरा थांब रे,” ती म्हणाली. “आम्ही बोलतोय.”